डेंग्यूचा पाहुणा आणि घरचीं भांडीं

पावसाळा ओसरूं लागला कीं घरांत एखादें माणूस तापानें फणफणतें, डॉक्टर डेंग्यूचें निदान करतात, आणि वडील मंडळी विचारतात, “यावर औषध कोणतें?” पाणी व पेज मुबलक द्यावी, तापास पॅरासिटॅमॉल द्यावें, ॲस्पिरिन मुळींच देऊं नये आणि रोग्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें, एवढेंच उत्तर मिळतें. खुद्द विषाणूचा बीमोड करणारें मान्यताप्राप्त औषध अद्यापि निघालेलें नाहीं. तें काढण्याची एक निराळीच वाट कांहीं शास्त्रज्ञ चोखाळीत आहेत. तिची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

डेंग्यूचा विषाणु हा मोठा निष्कांचन पाहुणा. त्याच्या गांठीला अवघीं १० प्रथिनें. बाकीचा सारा संसार तो आपल्या पेशींच्या भांड्याकुंड्यांवर उरकतो. त्याच्या स्वतःच्या प्रथिनांवर औषध योजावें, तर तीं भराभर रूप पालटतात आणि औषध निकामी होण्याची धास्ती राहते. शिवाय त्याच्या जाती चार. परंतु यजमानाचीं भांडीं कांहीं अशीं पालटत नाहींत. तींच चार दिवस कुलुपांत ठेवलीं तर?

ऑस्ट्रेलियांतील ‘ब्लॅक बीन’ वृक्षाच्या बियांत कॅस्टॅनोस्पर्मिन नांवाचें द्रव्य असतें. त्यापासून ‘सेल्गोसिव्हिर’ हें औषध सिद्ध झालें. पेशींत नवें प्रथिन तयार होतांना त्यावर शर्करेची फांदी लागते. ग्लुकोसिडेज नांवाचें विकर तिचें टोक छाटतें, तेव्हां प्रथिनाची घडी नीट बसते. सेल्गोसिव्हिर ही कात्रीच अडकवून ठेवतें, आणि विषाणूच्या कवचाची घडी विसकटते. प्रयोगशाळेंतील पेशींत व उंदरांत गुण चांगला आला. मग सिंगापुरांत २०१२-१३ सालीं ५० प्रौढ रोग्यांवर प्रयोग झाला. औषध बाधलें नाहीं. पण रक्तांतील विषाणु किंवा ताप यांत म्हणण्यासारखा उतार पडला नाहीं. आमच्या मतें येथें वेळेचा दोष मोठा होता. ताप चढून रोगी डॉक्टरांकडे पोंचतो, तोंवर विषाणूची वाढ बहुधा शिखरास पोंचलेली असते. चोर आंत शिरल्यावर दाराला कडी घालण्यापैकींच तें.

पण पाहुण्यासाठीं चूल विझविली तर घरच्यांनीं उपाशी राहावयाचें काय? याचें उत्तर निसर्गानेंच एकदां दाखविलें आहे. हीच कात्री जन्मतः दुबळी असलेल्या दोन भावंडांचा वृत्तांत २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तांत रोगप्रतिबंधक द्रव्यें फारच थोडीं. त्यांना एकामागून एक संसर्ग व्हावयास हवे होते, ते झाले नाहींत. इन्फ्लुएंझा व एच्‌. आय्‌. व्ही. यांच्या विषाणूंना त्यांच्या पेशींत नेहमींसारखें फावेना. मात्र त्या बालकांची वाढ खुंटलेली होती व मेंदूच्या व्याधींनीं तीं पीडित होतीं. जन्मभराचें हें व्यंग आणि चार दिवसांचें औषध एक नव्हेत, हें खरें. तरी मात्रा ठरवितांना भीति वाटावी असेंच हें उदाहरण आहे.

२०१६ सालीं स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं मानवी पेशींतील जनुकें एकामागून एक निकामी करून डेंग्यूला कोणतें भांडें हवें तें हुडकलें. शर्करेची ती फांदी मुळांत प्रथिनाला जोडणारी यंत्रणा त्यांत मुख्य निघाली. गंमत अशी कीं, तिचें जोडकाम बंद पाडलें तरी विषाणूचें अडेना. त्याला ती नुसती पाट मांडून बसावयास हवी होती! घरची चूल पेटती ठेवून हा पाट तेवढा काढून घेणारें औषध अजून कोणाच्या हातीं लागलेलें नाहीं.