गाठ, इस्ट्रोजेन आणि पाच वर्षांची गोळी

आपल्या सातारा-सांगलीला लागूनच सोलापूर जिल्हा. तिथल्या बार्शी भागात १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. देशातली ही पहिली ग्रामीण नोंद. तीत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसते. या फरकाचे एक मोठे कारण म्हणजे इस्ट्रोजेन.

हे संप्रेरक बाईच्या अंडाशयात तयार होते. पाळीसाठी, हाडांसाठी ते लागतेच. पण ते स्तनातल्या पेशींना वाढायलाही सांगते, आणि पेशी जितक्या वेळा दुभंगतात तितकी बिघाडाची शक्यता वाढते. पाळी लवकर आली, उशिरा गेली, मूल उशिरा झाले किंवा झालेच नाही, की हा मारा जास्त वर्षे चालतो. पाळी गेल्यावर अंगातली चरबीही इस्ट्रोजेन बनवते, म्हणून तेव्हा वजन वाढणे बरे नव्हे. बाळाला अंगावर पाजल्याने धोका थोडा घटतो. म्हणून कुणी पोरींची लग्ने लवकर उरकायला हे कारण पुढे करू नये! चार लेकरे पाजलेल्या बाईलाही गाठ होते, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

गाठीचा तुकडा तपासला की रिपोर्टवर कधी ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे येते. ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरात रडारड होते. खरे तर त्याचा अर्थ, ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसते, म्हणजे तिचे खाणे तोडता येते. टॅमॉक्सिफेनची गोळी तेच काम करते. ऑपरेशननंतर ती साधारण पाच वर्षे रोज घ्यावी लागते. बाई कामाला लागते, बरे वाटते, आणि गोळी सुटते. खरा घात इथेच होतो. अंगातून वाफा निघतात, पाळी बिघडते, हे खरे. अंगावरून अचानक रक्त गेले तर लगेच डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. अशी तपासणी आपल्या आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्या बायकांसाठी मोफत असते, आशाताईंना विचारा. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, तेव्हा दुखायची वाट पाहू नका. साताऱ्याचे सिव्हिल किंवा मिरजेचे सरकारी हॉस्पिटल गाठा. जाताना रेशनकार्ड आणि आधार घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात.