माहूरचा कातळ, मॉरिशसचा किनारा

माहूरच्या डोंगरात एखादा छिद्रांचा काळा दगड सापडला तर अगदी डोळ्यांजवळ धरून बघा. बरीचशी छिद्रं पांढऱ्या खनिजानं बुजलेली दिसतील. ते मुळात बुडबुडे होते! लाव्हा थिजताना त्यातले वायू अडकले, पोकळ्या राहिल्या, मग लाखो वर्षं पाणी झिरपून त्या भरत गेल्या. रेणुकामातेचा हा डोंगर एके काळी चक्क वाहत होता.

कधी? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आणि कुठे? विषुववृत्ताच्या दक्षिणेला! भारत तेव्हा आशियाला जोडलेलाच नव्हता. भर समुद्रातलं ते एक अवाढव्य बेट होतं, उत्तरेकडे निघालेलं. त्या प्रवासात ते पृथ्वीच्या पोटातून उसळणाऱ्या एका उष्ण प्रवाहावर आलं आणि दख्खनभर लाव्हाचे थरावर थर पसरले.

पेटत्या चुलीवरून परात हळूहळू सरकवत न्या. आच जिथं जिथं लागेल तिथं डाग उठत जातील. दख्खन हा पहिला मोठा डाग. पुढचा लक्षद्वीप-मालदीवच्या खालचा. तिथले ज्वालामुखी केव्हाच बुडाले, पण त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले आणि आज माणसं त्या प्रवाळांवर राहतात. त्याच रांगेत, साधारण ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, समुद्रातून वर आलं मॉरिशस.

माहूरपासून सुमारे ५००० किलोमीटर दूर! माहूर विषुववृत्ताच्या जेवढं उत्तरेला, जवळपास तेवढंच मॉरिशस दक्षिणेला. तिथला काळा दगड उचलला तर ओळखीचाच वाटतो. फरक इतकाच की तो वयानं लहान आहे, त्याची पुष्कळ छिद्रं अजून रिकामी आहेत.

मग असल्या काळ्या बेटाला पांढरीशुभ्र वाळू कुठून आली? त्यासाठी पाण्यात डोकं घालायला हवं. आग्नेय किनाऱ्यावरच्या ब्लू बे सागरी उद्यानात तोंडात स्नॉर्केलची नळी धरून तरंगा. खाली प्रवाळ दिसतात. प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांच्या वसाहती. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. ऊन हवं म्हणून हे प्रवाळ उथळ पाण्यातच वाढतात आणि चुन्याचे सांगाडे रचत जवळजवळ अख्ख्या बेटाभोवती तट उभा करतात. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी तो तट खरवडतो, शैवाल पचवतो आणि उरलेला चुन्याचा भुगा मागं टाकतो. किनाऱ्यावर आपण ज्यावर पाय पसरून बसतो त्यात हाही भुगा असतो!

बाहेर आलात की भूक लागणारच. पोर्ट लुईच्या रस्त्यावर दालपुरी मिळते. डाळीचं सारण भरलेली, पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच म्हणा. ती जोडीनं देतात, वर घेवड्याची रस्सेदार भाजी आणि चटणी. ही पुरी १८३४ पासून आलेल्या गिरमिटिया मजुरांची देणगी. त्यांच्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तिथल्या उसाच्या फडांत काळ्या धोंड्यांचे उंच ढीग दिसतात. शेत मोकळं करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेला तो लाव्हाच! मला विचाराल तर मॉरिशसमध्ये आवर्जून थांबून पाहावं ते इथं.

आणि चूल? ती विझलेली नाही. मॉरिशसपासून विमानानं पाऊण तासावर रियुनियन बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वारंवार उसळतो. २००७ साली त्याचा लाव्हा हमरस्ता ओलांडून समुद्रात उतरला आणि बेटाची जमीन तेवढी वाढली.