सौंदर्यप्रसाधनांतील द्रव्यांची मानवी त्वचेवरील चाचणी : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

बोरगाव (मेघे) येथील आमच्या परिचयाच्या एका औषध दुकानदारांनी गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्हास एक प्रश्न विचारला. ते एका परवानाधारक छोट्या उत्पादकाकडून आपल्या सांगण्याप्रमाणे उटणे बनवून घेतात. शेजारच्या दुकानातील पुडीवर ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ असे छापलेले असल्याने गिऱ्हाईक तीच पुडी मागते. तेव्हा, ‘आपणही ओळखीच्या दहा-वीस माणसांच्या हातावर उटणे लावून पाहिले आणि तसे छापले तर चालेल काय?’ प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तितके सरळ नाही. वैद्यवर्गातही याविषयी पुष्कळ गोंधळ आढळतो, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. त्वचेवर लावलेल्या द्रव्याने लाली आली म्हणजे अ‍ॅलर्जीच झाली असे नव्हे. तीक्ष्ण द्रव्य पुरेशा प्रमाणात व पुरेसा वेळ लावल्यास ते बहुतेकांच्या त्वचेस जाळते. हा क्षोभ होय. अ‍ॅलर्जी, म्हणजे आपल्या बोलीतील वावडे, ही निराळी वस्तू आहे. पहिल्या काही संपर्कांत शरीर त्या द्रव्याची केवळ ओळख करून घेते, बाहेर काहीच दिसत नाही. नंतर केव्हातरी अल्प मात्रेचा स्पर्श झाला तरी एक-दोन दिवसांनी त्या जागी खाज, सूज व पुरळ उठते. ही ओळख बहुधा जन्मभर पुसली जात नाही.

विदर्भातील वाचकांस याचे उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. बिब्बा उतणे कोणास ठाऊक नाही? भल्लातकाचे तेल क्षोभकही आहे आणि तीव्र अ‍ॅलर्जीकारकही. धोब्याने कपड्यावर बिब्ब्याने केलेल्या खुणेखालील त्वचा फुटते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांत दिसून आले आणि १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. अनुसूची ई(१) मध्ये भल्लातकाचा समावेश आहे तो उगाच नव्हे.

आता चाचण्यांकडे वळू. ‘पॅच टेस्ट’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिली निदानाची चाचणी. १८९५ साली योझेफ याडासोन यांनी ती मांडली. ज्याला आधीच त्वचाविकार आहे त्याच्या पाठीवर संशयित द्रव्ये योग्य त्या सौम्य प्रमाणात छोट्या कुप्यांतून ४८ तास बांधून ठेवतात. पट्टी काढल्यावर काही वेळाने पहिले व ७२ किंवा ९६ तासांनी दुसरे वाचन करतात. क्षोभाची लाली पट्टी काढल्यावर ओसरू लागते, अ‍ॅलर्जीची वाढत जाते. म्हणून दुसरे वाचन टाळणाऱ्याने चाचणीच केली नाही असे आम्ही समजतो. महाराष्ट्रात या चाचणीने मोठे काम केले आहे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेल्या गाजरगवताने पुढे हजारोंच्या त्वचेचे हाल केले. पुण्याचे डॉ. लोणकर व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली या संपर्कजन्य त्वचादाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. आज भारतीय रुग्णांसाठीच्या प्रमाणित पॅच मालिकेत गाजरगवत हे हटकून असते.

दुसरी चाचणी क्षोभाची. भारतीय मानक आयएस ४०११ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेची पद्धत दिली आहे. तीत २४ निरोगी स्वयंसेवकांवर २४ तास बंद पट्टी ठेवून लाली व सूज यांस गुण दिले जातात. बाजारातील कित्येक ‘तपासलेल्या’ प्रसाधनांचा आधार एवढाच असतो. ही चाचणी उपयुक्त आहे, परंतु ती वावड्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण एका दिवसाच्या संपर्कात नवे वावडे निर्माणही होत नाही आणि दिसतही नाही.

तिसरी चाचणी खरी वादग्रस्त. निरोगी माणसाला हे द्रव्य वावडे उत्पन्न करील काय, हे आधीच पाहण्यासाठी त्याच्या पाठीवर सुमारे तीन आठवड्यांत नऊ वेळा पट्टी लावतात, मग दोनेक आठवडे विश्रांती देतात आणि शेवटी नव्या जागी पुन्हा पट्टी लावून पाहतात. उत्तर ‘होय’ आले तर त्याचा अर्थ असा की काल निरोगी असलेल्या माणसाला आपण हाताने आजन्म वावडे जडवले. औषधाच्या प्रयोगात जोखमीच्या बदल्यात कोणाचा रोग बरा होण्याची आशा असते. येथे पारड्यात काय आहे? एका नव्या उटण्याचा सुगंध.

या चाचणीचा इतिहासही सुखद नाही. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६६ साली २५ व्यक्तींवर करावयाची, त्वचेस आधी साबणासारख्या द्रव्याने क्षुब्ध करून घेणारी अधिक कठोर पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर चालत, ते १९७४ मध्ये थांबले. त्या शहराने २०२२ साली त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीनेही २००० साली अशा भाकीतवजा मानवी चाचण्यांवर नैतिक आक्षेप नोंदविले. प्राण्यांवरील चाचणीस भारतात २०१४ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु प्राणी सुटले म्हणून गरजू मजुराची पाठ मोकळी झाली असा अर्थ कोणी काढू नये. प्रथिनांच्या तुकड्यांशी द्रव्य बांधले जाते काय हे परीक्षानळीत पाहण्याच्या, तसेच पेशींवरील पद्धती आता आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या आहेत. मात्र त्या एकेका शुद्ध रसायनासाठी घडविलेल्या आहेत. दहा वनस्पतींच्या चूर्णास त्या जशाच्या तशा लावणे कठीण.

शिवाय आकड्यांचा हिशेब पाहावा. १०० स्वयंसेवकांत एकालाही त्रास झाला नाही, तरी खरे प्रमाण शेकडा ३ पर्यंत असू शकते, असे संख्याशास्त्राचा साधा नियम सांगतो (तीनला संख्येने भागावे). २४ जणांत कोणाला काही झाले नाही तर ही मर्यादा शेकडा १२च्या आसपास जाते. आमच्या दुकानदार मित्रांच्या ‘दहा-वीस माणसां’चे वजन यावरून कळावे. दहात शून्य म्हणजे शेकडा ३० सुद्धा नाकारता येत नाही, खरे म्हणजे काहीच कळत नाही.

‘वनस्पतिजन्य आहे, म्हणून निर्धोक आहे’ हा युक्तिवाद आपल्यातील काही जण अद्याप करतात. सुश्रुताने तरी तो केला नसता. कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात विषयुक्त अभ्यंग, उत्सादन व मुखलेप यांची लक्षणे दिली आहेत. स्फोट, वेदना, स्राव, त्वचेचा पाक आणि मुखाचा काळवंडलेपणा यांचे वर्णन आजच्या संपर्कजन्य त्वचादाहाशी ताडून पाहण्यासारखे आहे. विषाचा संदर्भ निराळा, पण लेपद्रव्य त्वचेस बाधू शकते ही जाण स्पष्ट आहे. सूत्रस्थानात लेप वाळल्यावर ठेवू नये असे सांगितले आहे, त्यातही संपर्ककाळाचा विचार दिसतो.

आपल्या लेप-उटण्यांतील दोन द्रव्यांविषयी थांबून सांगितले पाहिजे. एक कुष्ठ, म्हणजे कोष्ठ. त्याच्या मुळातील लॅक्टोन वर्गातील रसायने तीव्र अ‍ॅलर्जीकारक असल्याने कोष्ठमुळाचे तेल सुगंधी द्रव्य म्हणून युरोपात निषिद्ध आहे. गाजरगवतातील घटकही त्याच कुलातील. म्हणजे शेतात गाजरगवताने ज्याची त्वचा फुटते अशा शेतकऱ्याच्या घरी कोष्ठ असलेले उटणे गेले, तर काय होऊ शकते हे वेगळे सांगावयास नको. दुसरे बावची. तिचा दोष उन्हातच प्रकटतो. पट्टीखाली अंधारात ठेवलेली त्वचा तो दाखवणार नाही, आणि वर्ध्याचे ऊन कसे असते ते आपण जाणतोच. काळ्या मेंदीविषयी एवढेच की, दोष सहसा मेंदीचा नसून तीत मिसळलेल्या पॅराफेनिलीनडायअमिनचा असतो. ते द्रव्य असलेल्या केशरंगावर वापरापूर्वी २४ तास त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना इंग्रजी व स्थानिक भाषेत छापणे बंधनकारक आहे. विक्रेत्याने ती गिऱ्हाइकास वाचून दाखवावी.

मग वैद्याने दवाखान्यात काय करावे? ज्या रुग्णास पूर्वी प्रसाधनाचा त्रास झाला आहे त्याच्यासाठी खुली वापरचाचणी पुरेशी व तुलनेने निर्धोक आहे. त्वचेवर राहणारे तेच उत्पादन कोपराच्या लवणीत रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोन वेळा, सात दिवस लावावे; खाज वा पुरळ दिसताच थांबावे. उटणे धुऊन टाकायचे असल्याने ते नेहमीप्रमाणे कालवून, नेहमीइतकाच वेळ ठेवून धुवावे. कच्चे चूर्ण पट्टीखाली बांधू नये, त्याने क्षोभ होऊन खोटे उत्तर येते. बिब्ब्यासारखी द्रव्ये तर कोणाच्याही त्वचेवर ‘पाहू’ नयेत. पूर्ण पॅच चाचणीची गरज भासल्यास रुग्णास त्वचारोग विभागाकडे पाठवावे. पाठीवर आठवडाभर स्टेरॉइड मलम नसावे, अंगावर विकार भरात नसावा, आणि शक्यतो एप्रिल-मे टाळावा, कारण घामाने पट्ट्या सुटतात. संशोधन म्हणून स्वयंसेवकांवर काही करावयाचे असल्यास नैतिकता समितीची मान्यता व मराठीत समजावून घेतलेली लेखी संमती यांवाचून पाऊल टाकू नये. ओळखीच्या माणसांवर ‘लावून पाहणे’ हेही त्यातच येते.

दुकानदार मित्रांस आम्ही हेच सांगितले. त्यांनी कोष्ठ वगळून आंबेहळद, कचोरा, नागरमोथा व वाळा एवढ्यावर उटणे ठेवले आणि पुडीवर सर्व घटकांची नावे मराठीत छापण्यास उत्पादकास कळविले. ‘तपासलेले’ हा शब्द त्यांनी छापलेला नाही. गिऱ्हाईक अजूनही शेजारची पुडी मागते, अशी त्यांची तक्रार आहे. आता ते काउंटरवर एक वही ठेवतात. कोणास त्रास झाल्यास तारीख, शरीराची जागा आणि पुडीवरील बॅच क्रमांक तीत लिहून घेतात.