दाट फेस, कोरडी त्वचा

दाढीच्या फेसाला दोन कामे असतात: केस भिजत ठेवणे आणि पाते व त्वचा यांच्यात निसरडा थर राखणे. दोन-तीन मिनिटे पाणी मुरले की दाढीचा राठ केस फुगून मऊ होतो आणि तो कापायला बराच कमी जोर लागतो. मऊपणा आणते ते पाणी. साबण ते गालावर धरून ठेवतो, इतकेच. त्यामुळे फेस किती दाट दिसतो यापेक्षा त्यात पाणी किती जिरले आहे, हे महत्त्वाचे.

दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि ते सोडियमबरोबर पोटॅशियमच्या अल्कलीनेही साबणात बदललेले असते. अशा साबणाचे बुडबुडे बारीक असतात आणि टिकतात. खोबरेल तेलाच्या अंघोळीच्या साबणाला फेस पटकन येतो, पण तो तितक्याच पटकन बसतो. शिवाय त्यातला लॉरिक आम्लाचा अंश त्वचेला अधिक झोंबतो. तरीही साबण तो साबणच. त्वचेचा सामू साधारण ५, तर साबणाचा ९ ते १०. अल्कलीने वरच्या थरातल्या पेशी फुगतात, त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये निघून जातात आणि त्वचेतले पाणी उडू लागते. पाणी कढत असेल तर हे आणखी वेगाने होते. इथेच पेच आहे: केसाला वेळ हवा, त्वचेला मात्र साबण थोडाच वेळ लागलेला बरा. उपाय सोपा आहे. केस साध्या पाण्यानेच भिजवावेत, दाढी अंघोळीनंतर करावी आणि फेस शेवटी लावावा.

वाटीत फेस केला की पाणी थोडेथोडे घालून अंदाज घेता येतो आणि गालावर घासणेही टळते. थेट गालावर ब्रश फिरवल्याने केस उभे राहतात, साबण मुळाशी पोहोचतो. पण तेच मिनिटभरापेक्षा जास्त चालले तर मृत पेशींचा थर आधी ब्रशने आणि मग पात्याने, असा दोनदा खरवडला जातो. डब्यातला तयार फेस वायूने फुगवलेला असतो, म्हणून थर जाड दिसला तरी त्यात हवाच फार. सलूनमध्ये खरी आग होते ती उलट्या हाताला, म्हणजे केसांच्या उलट दिशेने पाते फिरवताना, कारण तोवर फेस वाळलेला असतो. तेव्हा ओला ब्रश पुन्हा फिरवून घ्यावा.

नवी मुंबईत यात पाण्याचाही भाग आहे. महापालिकेचे पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येते. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्याने भूजलापेक्षा मृदू असते. बोअरवेलचे पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. हे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकटा करतात. फेस येत नाही, म्हणून साबण आणखी घासला जातो आणि चिकटा त्वचेवरच राहतो. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवले की कठीण पाण्याने धुतल्यावर त्वचेवर डिटर्जंट अधिक शिल्लक राहतो. एक्झिमा असलेल्यांना त्याचा त्रास जास्त होतो. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत फेसापुरते गाळलेले पाणी वापरले तर चालत नाही. क्षार गाळणीत अडकत नाहीत. आरओचे वाटीभर पाणी पुरते.

दाढीनंतरची तुरटी रक्त थांबवते, त्वचा आवळते. ओलावा मात्र देत नाही. महापे-ऐरोलीच्या वातानुकूलित कार्यालयात दिवस काढायचा असेल, तर तुरटी धुऊन टाकून चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावणे अधिक उपयोगाचे.