मुका झालेला संगणक



गेल्या पावसाळ्यांत आमच्या मेहकरच्या घरांतील संगणक एकाएकीं मुका झाला. चित्र दिसे, अक्षरें उमटत. आवाजाचें मात्र नांव नाहीं. पवईच्या आय. आय. टी.चे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ पाठ माझी नात त्यावर मराठींतून ऐकत असे. ते बंद पडले. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं पाहतांक्षणीं निदान केलें : मदरबोर्ड गेला, नवा घ्या. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हें वाक्य जड जातें.

आमच्या संगणकावर ‘लिनक्स’ आहे. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेची ‘बॉस’ प्रणाली ह्याच कुळांतील. लिनक्समध्यें आवाजाचा प्रवास पाटाच्या पाण्यासारखा असतो. गाण्याचे आंकडे प्रथम ‘पाइपवायर’ किंवा ‘पल्सऑडिओ’ ह्या वांटप करणाऱ्या कार्यक्रमाकडे जातात. तेथून ‘अल्सा’ ह्या ड्रायव्हर-समूहाकडे. यारोस्लाव्ह किसेला ह्यांनीं १९९८ मध्यें आरंभिलेलें हें काम २००३ च्या २.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. ड्रायव्हर ते आंकडे मदरबोर्डवरील चिपेस देतो, चिप त्यांची वीज करते आणि ती स्पीकरला पोंचते. शेवटचा वाफा कोरडा राहिला तर विहीर आटली असें शेतकरी म्हणत नाहीं. आधीं पाट कोठें फुटला तें पाहतो. आपणही तसेंच पाहूं.

पहिली गोष्ट, स्पीकर मोबाईलला जोडून पाहावा आणि संगणकाची पिन बहुधा हिरव्या असणाऱ्या छिद्रांत आहे ना, याची खात्री करावी.

दुसरी, सेटिंग्जमधील ‘साउंड’ उघडून आवाज कोणत्या वाटेनें बाहेर जातो तें पाहावें. एच. डी. एम. आय. तारेनें जोडलेला पडदाही एक वाट म्हणून गणला जातो. पडद्याला स्पीकर नसला तर आवाज तेथेंच जिरतो.

तिसरी, टर्मिनल उघडून इंग्रजी लहान लिपींत ‘ए’ आणि ‘प्ले’ जोडून लिहावें, जागा सोडून आडवी रेघ व ‘एल’ द्यावा. ड्रायव्हरनें ओळखलेल्या ध्वनियंत्रांची यादी येते. मदरबोर्डवरील यंत्राचें नांव तींत नसेल, तर बायॉसमध्यें तें बंद केलेलें आहे काय हें पाहावें. तेथें तें चालू असेल, तर संगणक सुरू करतांना लिनक्सच्या गाभ्याची आधींची आवृत्ति निवडून पाहावी. नांव असेल, तर ड्रायव्हर जागेवर आहे असें समजून पुढें जावें.

आमच्या यादींत नांव होतें. तेव्हां चौथी गोष्ट केली : ‘अल्सा’ व ‘मिक्सर’ हे शब्द जोडून लिहिले. उभे स्तंभ दिसले. एफ ६ कळ दाबून यंत्र निवडलें. एका स्तंभाखालीं ‘एमएम’ अशीं अक्षरें होतीं. त्याचा अर्थ, आवाज बंद. बाणाच्या कळीनें त्या स्तंभावर जाऊन ‘एम’ दाबतांच तेथें दोन शून्यें आलीं, आणि वरच्या बाणानें पट्टी चढवितांच स्पीकर बोलूं लागला. खर्च कांहींच नाहीं.

सर्वच दोष असे सुटतील असें नव्हे. चिप खरोखरही जळते. पण तें शेवटीं ठरवावें. वर्गांत गप्प बसलेल्या मुलाला प्रश्न ऐकूं तरी गेला काय, हें आधीं विचारावें, हें उमगायला मला मास्तरकींत बरींच वर्षें लागलीं होतीं. नात मात्र तें एका संध्याकाळींच शिकली.