एक किलो धातू, अर्धा ग्रॅम शिसं

रविवारी सकाळी बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरून भाजी घेऊन परतले, तर भाची हॉलच्या मधोमध उभी. उजवा हात खांद्याच्या रेषेत ताणलेला, हातात एक लिटर पाण्याची भरलेली बाटली, नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर. "मावशी, बोलू नकोस, मोजतेय." विसाच्या पुढे गेल्यावर बाटलीतलं पाणी डचमळायला लागलं. तीसला तिने हात खाली घेतला आणि खांदा चोळत सोफ्यावर बसली.

चौदा वर्षांची आहे. चार महिने झाले नेमबाजीला जाते, क्लबच्या पिस्तुलावर शिकते. आता तिला स्वतःचं हवंय. "मेटल फ्रेमचंच हवं," असं तिने निक्षून सांगितलं. का, ते मात्र तिला सांगता येईना. मलाही येईना. म्हणून मी वाचायला बसले, रेंजवरच्या लोकांना विचारत सुटले, आणि त्या एक किलोच्या वस्तूने मला पार वेडं केलं.

आधी समोर काय असतं ते बघा. दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात कागदावर जे दहा गुणांचं वर्तुळ असतं त्याचा व्यास ११.५ मिलीमीटर. शर्टाच्या बटणाएवढं. ते दहा मीटरवर, म्हणजे आमच्या हॉलच्या खिडकीपासून मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडापर्यंत. एका हातात पिस्तूल धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, मनगटालाही कसला टेकू चालत नाही. अशा साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटांत. गोळी म्हणजे ४.५ मिलीमीटर जाडीचा, कंबरेत बारीक झालेला शिशाचा पेलेट, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम.

अर्धा ग्रॅम फेकायला एक किलोचं यंत्र कशाला? इथूनच गंमत सुरू होते.

पिस्तुलाची फ्रेम म्हणजे त्याचा सांगाडा. नळी, नेम धरायची पुढची साइट, मागची साइट, चाप आणि मूठ हे सगळं ज्याला जोडलेलं असतं तो भाग. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटीमीटर असतं. आता गणित करू. नेम धरताना हात आहे तसाच एक मिलीमीटर बाजूला सरकला, तर कागदावरचं भोकही एकच मिलीमीटर सरकतं. दहा ते दहाच राहतात. पण हात जागेवर राहून मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट मागच्या साइटच्या तुलनेत एक मिलीमीटर हलली, तर दहा मीटरवर तीच चूक तीस मिलीमीटरची होते. दहाचे थेट सात. हे मी कागदावर दोनदा मांडून पाहिलं, कारण माझा विश्वासच बसेना. हाताचं थरथरणं पिस्तूल माफ करतं, वळणं माफ करत नाही.

मग धातूचं काम काय, ते कळायला डोंबारी आठवावा. दोरीवरून चालताना त्याच्या हातात लांब काठी असते. त्या काठीचं वजन टोकांकडे, दूर पसरलेलं असतं, म्हणून तो चटकन एका बाजूला फिरत नाही, कलायला लागला तरी सावरायला वेळ मिळतो. फिरण्याला होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच वीस ग्रॅम वजन मनगटापासून दहाऐवजी वीस सेंटीमीटरवर नेलं, की विरोध चौपट. वजन तेवढंच, फक्त त्याची जागा बदलली! म्हणून चांगल्या एअर पिस्तुलात हवेचं सिलिंडर नळीखाली पुढे आडवं असतं आणि पुढच्या बाजूला छोटी वजनं लावायची, सरकवायची सोय असते. पिस्तूल विकत घेणं म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याला वजन कुठे हवंय ते ठरवणं. धातूची फ्रेम हे वजन देते आणि ते जिथे ठेवलं तिथे पक्कं धरूनही ठेवते.

पण जड म्हणजे चांगलं, असं समजून दुकानात जाऊ नका. नियमाने एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, तरी बहुतेक चांगली पिस्तुलं एक किलोच्या आसपासच असतात. साठ गोळ्यांसाठी हात साठापेक्षा जास्त वेळा उचलावा लागतो, कारण मन साशंक झालं की अनुभवी नेमबाज गोळी न सोडता हात खाली घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. चौदा वर्षांच्या खांद्याला सुरुवातीला पुढे ओढणारं पिस्तूल नकोच. आधी हलकं, मध्यावर तोललेलं घ्यावं, वजनं पुढे हळूहळू चढवावीत. बाटलीचा तो सराव त्यासाठीच.

आता धातू कोणता? आणि इथे मला वड्या आठवल्या.

शुद्ध अॅल्युमिनियम मऊ असतं. १९०६ च्या सुमारास बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ त्यात थोडं तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात झटकन थंड करून बघत होता. शनिवारी मोजलं तेव्हा विशेष काही नव्हतं. सोमवारी परत मोजलं, तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला. सुट्टीत कोणी त्याला हातही लावला नव्हता! साखरेच्या पाकाचं जसं असतं तसंच हे. गरम पाकात भरपूर साखर विरघळते, आणि थापून ठेवलेल्या वडीत ती बारीक कणांनी परत बाहेर येते आणि वडी घट्ट बसते. त्या तुकड्यात तांब्याचे अणू दोन दिवस चुपचाप एकत्र येऊन अतिसूक्ष्म चकत्या करत होते आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नव्हते. या चकत्या क्ष-किरणांनी पहिल्यांदा ओळखू आल्या त्या १९३८ मध्ये, फ्रान्समध्ये गिनिए यांना आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. म्हणजे जवळपास तीन दशकं जग हा धातू वापरत होतं, आणि तो कडक का होतो हे कोणालाच दिसलेलं नव्हतं.

या कुळातल्या धातूंनी विमानं उडाली. आणि विमान म्हटलं की बेंगळुरू आलंच. १९४० च्या डिसेंबरमध्ये इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. पुढे तिचीच एचएएल झाली. आज उत्तम एअर पिस्तुलांच्या फ्रेम विमानांच्या याच नात्यातल्या अॅल्युमिनियमच्या असतात, अखंड ठोकळ्यातून यंत्राने कोरून काढलेल्या. घनता पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे वजन कुठे घालायचं आणि कुठे वाचवायचं याची मोकळीक मिळते. नळी मात्र पोलादाचीच.

भाचीच्या क्लबमध्ये मी एका पिस्तुलावर बोट फिरवून पाहिलं. काळपट, मखमलीसारखा खरखरीत पृष्ठभाग. तो रंग नाही. विजेच्या मदतीने अॅल्युमिनियमच्याच अंगावर वाढवलेली त्याच्या ऑक्साइडची कातडी आहे ती. अॅल्युमिनियमचं ऑक्साइड म्हणजे रसायनाच्या भाषेत तोच पदार्थ, जो जमिनीखाली स्फटिक होऊन, मिसळलेल्या कणांमुळे रंग घेऊन माणिक आणि नीलम होतो. हे ऐकून भाचीने हात मागे घेतला आणि मग पुन्हा, जपून, लावला.

पोलादाच्या फ्रेमची खरी शान दिसते ती दारूच्या काडतुसाच्या पिस्तुलात. परदेशात हौशी स्पर्धांमध्ये नऊ मिलीमीटरची पिस्तुलं चालतात. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने पुढे गेली, की साडेसहाशे ग्रॅमचं प्लास्टिक फ्रेमचं पिस्तूल सेकंदाला सव्वाचार मीटरच्या वर वेगाने मागे येतं. पोलादी, एक किलो तीनशे ग्रॅमचं असेल तर वेग निम्मा, आणि हातावर येणारी ऊर्जाही निम्मी. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉकचं प्लास्टिक फ्रेमचं पिस्तूल घेतलं तेव्हापासून कंबरेला लावून हिंडणाऱ्यांचा कल हलक्याकडे गेला. पण रेंजवर उभं राहून कागद भोकसणाऱ्याला वजनाचा काहीच त्रास नसतो, उलट त्याला ते हवं असतं. म्हणून चेक बनावटीच्या सीझेडसारख्या जड पिस्तुलांवर स्पर्धकांचं प्रेम आहे.

आपल्याकडे मात्र नऊ मिलीमीटर हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे त्या वाटेला जायचं कारण नाही. पॉइंट बावीसच्या पिस्तुलाला परवाना लागतो. ४.५ मिलीमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याची गरज नाही, आणि स्पर्धेचं एअर पिस्तूल सहा ज्यूलच्याही आत असतं. धक्का तर इतका नगण्य, की एक किलोचं पिस्तूल सेकंदाला साडेसात सेंटीमीटर वेगाने मागे सरकतं. तरी उत्तम पिस्तुलांत तेवढंही शमवायला एक छोटं वजन आत मागे-पुढे पळतं. इतक्या कमी धक्क्याशीही कोणी भांडतं, हे मला फार आवडलं.

खरेदीच्या वेळी माझ्या मते फ्रेमपेक्षा आधी मूठ बघावी. ती अक्रोडाच्या लाकडाची, लहान-मध्यम-मोठ्या मापांची असते, डावखुऱ्यांसाठी वेगळी. तळव्याखालची फळी वरखाली होते. कुठे टोचत असेल तर कानशीने घासायचं, कुठे पोकळी राहिली तर लाकडाची लांबी भरायची. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं आणि डोळे उघडायचे, दोन्ही साइट आपोआप एका रेषेत आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर पिस्तूल कितीही नामवंत असो, ते या हाताचं नाही. मग चाप. एअर पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी तपासणीत पाचशे ग्रॅमचं वजन चापाला अडकवून पिस्तूल सरळ वर उचलतात, वजन टेबलावरून सुटलं आणि चाप पडला नाही तर पास. चापाचा पहिला टप्पा सैल, मग भिंतीसारखा एक थांबा, आणि त्यापुढचा तो निसटता क्षण प्रत्येक वेळी अगदी सारखा यायला हवा. धातूच्या फ्रेमचं तिसरं मोठं काम हेच, चापाचे बारीकसारीक भाग एकमेकांपासून तसूभरही सरकू न देणं.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. दोनशे बार दाबाची हवा त्यात भरलेली असते आणि साधारण दहा वर्षांनी ते बदलायचंच. फ्रेम पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, सिलिंडर नाही. आणि नळीतून ओवलेली ती झगझगीत रंगाची सुरक्षा-दोरी पिस्तुलाबरोबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. नेमबाजी सुरू नसताना ती नळीत असायलाच हवी.

एक गुण म्हणजे कागदावर आठ मिलीमीटर, त्याचा दहावा भाग ०.८ मिलीमीटर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी एअर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत भारताची मनू भाकर २२१.७ गुणांवर थांबली, रौप्यपदक राखणाऱ्या स्पर्धकापेक्षा ०.१ ने मागे. तिच्याच पिस्तुलात तीन वर्षांपूर्वी टोकियोला ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला होता, दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर अंतिम फेरी हुकली. म्हणून मी सुरुवातीच्या पिस्तुलासाठी इलेक्ट्रॉनिकऐवजी साध्या यांत्रिक चापाच्या बाजूने आहे, जवळच्या माणसाला दुरुस्त करता येईल असा.

आमच्या घरात या खेळाची दोन नावं आता रोज निघतात. कोल्हापूरची राही सरनोबत, जिने २०१८ ला पालेम्बांगला पंचवीस मीटर पिस्तुलात ३४-३४ अशा बरोबरीनंतर शूट-ऑफ जिंकून आशियाई सुवर्ण घेतलं. आणि आमच्या या बेंगळुरूचे प्रकाश नंजप्पा, सॉफ्टवेअर इंजिनियर, २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलात एअर पिस्तुलाचं रौप्य. तिसरं नाव मला सापडलं ते वेगळ्याच कारणाने. भाची ज्या स्पर्धेची वाट बघते आहे तिचं नाव 'जी. व्ही. मावळंकर'. नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी ही पायरी. तिला वाटलं कोणी मोठे नेमबाज असतील. मी सांगितलं, गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

पिस्तूल आम्ही अजून घेतलेलं नाही. दीड-दोन लाखांची वस्तू आहे, आणि तिच्या हाताची वाढ अजून व्हायची आहे. आणखी सहा महिने क्लबचंच, असं ठरलंय. पण गेल्या आठवड्यात सरांनी ते एक दिवस घरी न्यायला दिलं. पेलेट नाही, सिलिंडर काढलेलं, नुसता चापाचा सराव. तिने हॉलमधल्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि कोऱ्या पांढऱ्या रंगासमोर उभी राहिली. नेम धरायला काहीच नको असतं यात, फक्त पुढची साइट बघायची. श्वास अर्धा सोडला. बाहेर फुलवाली ओरडत गेली. टिक्‌.

"हलली?" मी विचारलं.

ती अजून हात तसाच धरून होती, डोळा साइटवरच. "नाही," ती म्हणाली, आणि आणखी दोन सेकंद तशीच उभी राहिली.