चांद्याचा इतिहास कोणासाठी?

इतिहासाचे पुस्तक हाती आले की मी आधी प्रस्तावना वाचतो. ते का लिहिले, हे लेखक तिथे सांगतो. पण कोणासाठी लिहिले, हे बरेचदा पुढच्या पानांतूनच कळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाला मी हाच दुसरा प्रश्न विचारत आलो आहे.

चांद्याच्या गोंड राजांविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८७०च्या ग्रंथापाशी येतो. तो मुळात इतिहासग्रंथ नव्हे; चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुली बंदोबस्ताचा अहवाल आहे. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. तेव्हा तो मुलूखही चांद्यातच होता. सारा किती आणि गावावर हक्क कोणाचा, हे सरकारला ठरवायचे होते. त्यासाठी गावे कोणाकडून कोणाकडे आली, हे पाहणे भाग होते. त्या ओघात राजांची वंशावळ आली.

ती वंशावळ तपासून पाहावी. सुमारे इ. स. ८७० ते १७५१ या काळात १९ राजवटी दिल्या आहेत. म्हणजे प्रत्येक राजवट सरासरी ४६ वर्षांची! बाबाजी बल्लाळशाहाला तर १४४२ ते १५२२ अशी ८० वर्षे दिली आहेत. पण अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याचा हाच राजा अकबराचा समकालीन म्हणून येतो, आणि अकबर गादीवर आला १५५६ साली. नावे परंपरेने जपली. वर्षे मात्र नंतर बसवली गेली, असे मला वाटते. महसुलाच्या कामाला तेवढे पुरेसे होते. आपण मात्र ती वर्षे आजही जशीच्या तशी छापतो.

१८५८च्या उठावाचेही असेच. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. इंग्रजी दप्तराला ते बंडखोर; त्याच तुरुंगातल्या पिंपळापाशी दरवर्षी जमणाऱ्यांना ते हुतात्मा. घटना एकच, वाचक दोन.

पुढे अ. ज. राजूरकरांनी 'चंद्रपूरचा इतिहास' मराठीत लिहिला आणि गावचा इतिहास गावच्या भाषेत आला. अलीकडे मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली. तिथे राजा नाही, किल्ला नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव, त्याची ग्रामसभा आणि तिचे जंगल हाच विषय. देशात सामूहिक वनहक्क सर्वात आधी मिळवणाऱ्या गावांत मेंढ्याचे नाव आहे. तो हक्क २००९ साली मिळाला.

इथे इतिहासलेखन थेट पोटापाण्याशी येऊन भिडते. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत दाव्याचे पुरावे सांगितले आहेत. त्यांत गॅझेटिअर, जनगणना आणि बंदोबस्ताचे अहवाल आहेत; विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने आहेत; आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. म्हणजे साऱ्यासाठी लिहिलेला अहवाल आज ज्यांच्याकडून सारा घ्यायचा होता त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या उपयोगी पडू शकतो. आणि ज्या म्हाताऱ्याचे बोलणे आपण 'दंतकथा' म्हणून तळटीपेत टाकले, ते कायद्याने दप्तराच्या शेजारी बसवले आहे.

म्हणून या भागावर नवे पुस्तक लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. चुकलेले साल दुरुस्त करता येते. पण पहाडी कोणत्या गावची, देव कुठे बसतो, मोहफूल कोण वेचत आले, हे आज लिहून घेतले नाही तर सांगणारा माणूस उद्या असेलच असे नाही. राजांच्या याद्या पुष्कळ झाल्या. आता गावांच्या याद्या हव्यात, आणि त्या गावात बसून वाचून दाखवता येतील अशा भाषेत.